लाल बॅटरी पुन्हा भरत नाही

बेरेंट मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कुणी डोळे पुसत म्हणायला नको, की बघा, दोघांचं कसं गोड झालं. काही गोडबिड झालेलं नाही. कालच त्याने माझ्या मेंढ्यांना शिंगं फुटलेले उंदीर म्हटलं. मी म्हटलं, तुझ्या तोंडापेक्षा त्यांच्या शेपट्या बऱ्या दिसतात.

पण तो माझा पहिला शेजारी आहे. आमच्या ड्रेंटेत, हॉलंडच्या या कोपऱ्यात, हे माणसाने ठरवायचं नसतं. ज्याचं दार तुमच्या दाराला सगळ्यात जवळ, तो पहिला शेजारी. आवडो की न आवडो. घरात मूल झालं, लग्न निघालं, कुणी गेलं, की आधी त्याच्या दारी जायचं आणि सांगायचं. पुढचं सगळं मग त्याच्या अंगावर. कुणी गेलं असेल तर तो काळा कोट चढवून गावभर दारोदार निरोप देतो, आणि शवपेटी उचलताना पुढची डावी कडी त्याच्या हातात. सख्खा भाऊ असला तरी तो मागे. आमच्याकडे बापलेक भांडून आयुष्यभराचा अबोला धरतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पहिल्या शेजाऱ्याला मात्र टाकता येत नाही. टाकला तर गाव तुम्हाला टाकतं.

त्याच्या आणि माझ्या घरामध्ये पाण्याचा एक चर आहे, वर एक फळी. पलीकडे त्याची फळबाग, अलीकडे माझं गवत, आणि गवत संपलं की माळ. माझ्याकडे माळावरच्या मेंढ्या आहेत, इथली जुनी जात. बुटक्या, शिंगांच्या, हट्टी. फायदा शून्य. खेर्टला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्या त्याच्या बापाकडून आल्या आणि मला त्याच्याकडून. तो गेल्यावर सगळे म्हणाले, विकून टाक. मी म्हटलं, आधी मला विका. असा कळप एकदा गेला की बाजारात जाऊन दुसरा आणता येत नाही, आणि खेर्टचं माझ्याजवळ दुसरं होतं काय?

माळाच्या कडेला वीज नाही, म्हणून कुंपणाच्या तारेला झटका देणारं यंत्र बॅटरीवर चालतं. इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की बॅटऱ्यांच्या जाती दोन. एक लाल, सुकी, मोठ्या पावाएवढी. तिच्या पोटात जस्त असतं आणि ती हवा पिऊन चालते. वरच्या भोकांवरची चिकटपट्टी ओढायची, की तिचा श्वास सुरू. मग वापरा नाहीतर नुसती ठेवा, ती आपली संपत जाते. आणि संपली की संपली. ती पुन्हा भरत नाही.

दुसरी शिशाची. पोटात आम्ल, आणि उचलायला गेलं तर कंबर धरते. ती भरता येते, पुन्हा पुन्हा भरता येते, पण नखरे फार. रिकामी ठेवून विसरलात तर आतल्या पत्र्यांवर पांढरी खरवड धरते. मग कितीही वीज पाजा, घोटभर घेत नाही. आणि थंडीत रिकामी राहिली तर आतलं आम्ल नुसतं पाणी झालेलं असतं, ते गोठतं आणि बॅटरी फुटते. भरलेली गोठत नाही.

हे सगळं ठाऊक असून आमच्या माणसांच्या हातून एक चूक व्हायचीच, कारण फेकणं आम्हाला जमत नाही. पाहुण्याला कॉफीबरोबर एक बिस्किट द्यायचं आणि डब्याचं झाकण लावायचं, असली आमची जात. खेर्ट तर वाकडे खिळे ठोकून सरळ करायचा. संपलेली लाल बॅटरी कचऱ्यात टाकताना त्याचा जीव तुटायचा. एका हिवाळ्यात म्हणाला, "थोडी थोडी वीज दिली तर अजून महिनाभर काढेल ही." चार्जर होता बेरेंटकडे. खेर्ट बॅटरी काखेत मारून फळीवरून पलीकडे गेला.

पुढे काय झालं याच्या दोन गोष्टी आहेत. खेर्ट सांगायचा, की "बघू तरी" म्हणत चार्जरचे चिमटे बेरेंटनेच लावले. बेरेंट सांगतो, की तो कॉफी आणायला आत गेला होता तेव्हा खेर्टने लावले, आणि परत आल्यावर तो चार्जर बंद करायला वाकला. वाकला, हे दोघांनाही मान्य. बॅटरी टम्म फुगली होती. ती फुटली आणि आतला क्षार बेरेंटच्या डाव्या डोळ्यात गेला. डोळा गेला, म्हणून गाडी चालवणं गेलं, म्हणून गाडी विकली. खेर्ट रोज इस्पितळात जायचा आणि बेरेंट रोज भिंतीकडे तोंड करून पडायचा.

मी खेर्टच्या बाजूची. बायको आहे त्याची, आणखी कुणाच्या बाजूची असणार?

मग खेर्ट गेला. लोकर कातरताना, उभ्या उभ्या, हृदय बंद पडून. आणि बेरेंट आला नाही. निरोप द्यायला आला नाही, कडी धरायला आला नाही. त्याच्या जागी गावाच्या दुसऱ्या टोकाचा एग्बर्ट उभा राहिला, आणि सगळ्या गावाने ते पाहिलं. त्या दिवसापासून मी बेरेंटशी बोलले नाही. चर तुंबला की ओरडायचे, पण ते काही बोलणं नव्हे.

यंदा ईस्टरच्या तोंडावर लांडगा आला. पलीकडच्या वाडीवर शुक्रवारी त्याने मेंढ्या फाडल्या. मी बघून आले. खाल्ल्या तेवढ्या थोड्याच होत्या, बाकीच्या नुसत्याच मारून टाकलेल्या.

आणि शनिवारी दुपारी माझं कुंपण मेलं. यंत्राची टकटक कान लावून ऐकावी लागत होती. तपासायची काठी तारेला टेकवली की पाच दिवे लागायला हवेत, तिथे एकही धड लागेना. लाल बॅटरी संपली होती. दुसरी होती फडताळात, पण गेल्या शरदात "चांगली आहे ना बघू" म्हणून मीच तिची पट्टी ओढली होती आणि पुन्हा चिकटवून ठेवली होती. मला वाटलं, झाकलं की झोपेल. ती कसली झोपते! आत हवा गेली ती गेलीच. तीही मेलेली निघाली. ट्रॅक्टरची शिशाची होती, ती जानेवारीत रिकामी राहून गोठली आणि कडेने उलली होती. दुकान दुपारीच बंद झालेलं, ते ईस्टरची सुट्टी संपवून मंगळवारी उघडणार. गोठ्याचं छप्पर वादळाने नेलेलं, सुतार म्हणे ईस्टरनंतर. आणि माझ्या मेंढ्या एक तर पोटुशा, नाहीतर पायांत कोकरं घेऊन उभ्या.

मुलीला फोन केला. मिंके शहरात असते.

"आई, बेरेंटकाकाकडे आहे ना शिशाची?"

"त्याच्या दारात जाण्यापेक्षा मी स्वतः तार धरून टकटक करत उभी राहीन."

"राहा. लांडगा तुला नक्की घाबरेल."

मी फोन आपटला. सकाळी एग्बर्टकडे त्याच्या ट्रॅक्टरची बॅटरी मागू, तोवर आपणच राखण करू, असं ठरवून मी खुर्ची ओढत गवतात नेली. बरोबर एक पातेलं आणि डाव, बडवायला. ऊन उतरत होतं. इतक्यात चरावरची फळी करकरली.

बेरेंट ढकलगाडी घेऊन आला होता. गाडीत त्याची शिशाची बॅटरी.

"तुझा दिवा लुकलुकत नाही," तो म्हणाला. यंत्रावर हिरवा दिवा असतो, तो त्याच्या स्वयंपाकघरातून दिसतो.

"माझ्या दिव्याकडे बघत बसतोस होय रे?"

"एकाच डोळ्याने. फार नाही दिसत."

"ने ती परत."

"नाही नेणार."

"मला तुझे उपकार नकोत, बेरेंट."

"उपकार? तुझं हे तोंड बघून कुणाला उपकार सुचतील, रूलफिन? लांडगा आलाय, तुझं कुंपण बंद आहे, आणि माझं दार तुझ्या दाराला जवळ आहे. मला यावं लागतं. मला काही हौस नाही आली."

माझं डोकंच फिरलं. "आत्ता आठवला शेजारधर्म? खेर्टला उचलला तेव्हा कुठे शेण खात होतास?"

त्याने ढकलगाडी खाली टेकवली. "घरात होतो," तो म्हणाला. "काळा कोट घालून खुर्चीत बसलो होतो. खेर्ट गेला त्या सकाळपासून, त्याला पुरून लोक परत येईपर्यंत."

"मग आला का नाहीस?"

"तू सांगायला आली नाहीस."

"मयताचे पडदे ओढलेले दिसले नाहीत? घंटा ऐकू आली नाही? डोळा गेला होता, कान तर शाबूत होते ना!"

"पडदे बघून येतात ते बघे. शेजारी सांगितल्यावर येतो. न सांगता मयताच्या घरात घुसायला मी काय कावळा आहे? तू माझ्या दारावरून गेलीस. सायकलवरून. सरळ एग्बर्टकडे. मी खिडकीत उभा होतो, रूलफिन. मला वाटलं, वळशील."

"तू नाही म्हणाला असतास!"

"म्हणालो असतो की नसतो, ते मला म्हणू द्यायचं होतंस."

माझ्याकडे उत्तर होतं. माझ्याकडे नेहमीच असतं. नवरा घरात थंड पडलेला असताना बाईने दारोदार मानापमान सांभाळत हिंडायचं का, असं विचारणार होते. पण मेंढ्या आमच्याकडे बघत उभ्या होत्या, आणि माळावर अंधारून यायला लागलं होतं.

"ही मला दिलीस तर तुझ्या कुंपणाचं काय?" मी विचारलं.

"गाई अजून गोठ्यात आहेत."

"आणि ब्लेस?"

ब्लेस म्हणजे त्याची म्हातारी घोडी. कपाळावर पांढरा पट्टा. त्याच्या बायकोची होती ती. बायको गेली, घोडी राहिली. फळबागेत फिरायची आणि संध्याकाळी त्याच्या खिडकीपाशी येऊन काचेवर नाक घासायची.

"आत बांधलीय."

"आत तिला गवताच्या धुळीने खोकला होतो ना?"

"खोकेल एक-दोन रात्री. तू तुझं बघ."

"मंगळवारी दुकान उघडलं की तुझी तुला परत. भरून."

"भरून म्हणजे काठोकाठ. अर्धीमुर्धी ठेवलीस तर खरवड धरते."

"मला शिकवू नकोस!"

"तुमच्या घरात कुणीतरी कुणालातरी वेळेवर शिकवायला हवं होतं."

हे त्याने खेर्टला उद्देशून म्हटलं. मी हातातलं पातेलं उगारलं. खरंच घालणार होते डोक्यात. पण तो जागचा हललाही नाही. मी त्याच्या डाव्या बाजूला होते, त्याला दिसलंच नव्हतं. तो वाकून शांतपणे तारा जोडत होता, लाल तार लाल खुंटीला. मी पातेलं खाली घेतलं.

यंत्र टकटकायला लागलं, खणखणीत. काठी टेकवली तर पाचही दिवे. बेरेंट मान न वळवता निघून गेला आणि मी त्याला थांब म्हटलं नाही. त्या रात्री मी घरात झोपले.

सकाळी चर्चची घंटा वाजत होती तेव्हा मी गवतात होते. कळप जसाच्या तसा. एक मेंढी रात्रीत व्याली होती आणि कोकरू थरथरत दूध शोधत होतं. मला इतकं बरं वाटलं की बेरेंटबद्दलही क्षणभर वाईट विचार आला नाही. मग पलीकडच्या सफरचंदाच्या झाडांवर कावळे दिसले.

ब्लेस आत बांधलेली नव्हती. ती फळबागेत कुंपणाच्या कोपऱ्यात पडली होती, मान मागे टाकून. पोटाकडचं मी सांगत नाही. बेरेंट तिच्या डोक्याशी पालथ्या बादलीवर बसला होता आणि हाताने कावळे हाकत होता.

"आत बांधलीय म्हणालास!" मी फळीवरूनच ओरडले.

"म्हणालो."

"खोटारड्या! मेल्या, खोटारड्या!"

"ओरडू नकोस. तिला ओरडलेलं आवडत नाही."

मी जवळ गेले.

"आत बांधली होती," तो म्हणाला. "खोकून खोकून गुडघ्यावर आली. मग सोडली बाहेर. म्हटलं, लांडगा मेंढ्यांवर सोकावलेला आहे, घोडीकडे कशाला येईल? तुझा एवढा कळप, त्यात पोटुशा. माझी एक म्हातारी. असं गणित केलं. चुकलं."

"मला सांगायचं होतंस! बॅटरी परत मागायची होतीस!"

"सांगितलं असतं तर तू घेतली असतीस?"

नसती घेतली.

"आता म्हण," तो म्हणाला. "आधी डोळा गेला, आता घोडी गेली, खोड मोडली मेल्याची, असं म्हण. तुझ्या मनात आहे ना? म्हण की. मी बसलोय ऐकायला."

माझ्या मनात तसलं काही नव्हतं. तो माणूस मला शिव्या घालायला सांगत होता आणि माझ्या तोंडातून एक शिवी फुटेना. हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडलं.

"कॉफी घेतलीस?" मी विचारलं.

"नाही."

"मग बस तसाच उपाशी," मी म्हटलं आणि घरी आले.

घरी येऊन मी कपाट उघडलं. खेर्टला पुरताना घातलेला माझा काळा कोट बाहेर काढला, कसर झटकली, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि सायकल काढली. सगळ्यात आधी गेले एग्बर्टकडे. आमच्याकडे पुढचं दार रोज उघडत नाही. रोजची ये-जा मागून. पुढच्या दाराने फक्त वऱ्हाड आणि मयत. मी पुढचं दार वाजवलं. आतली बोलणी एकदम थांबली. एग्बर्टने कडी काढली, त्याच्या हातात अर्धं सोललेलं ईस्टरचं अंडं.

"सांगायला आलेय," मी म्हटलं. "पहिल्या शेजाऱ्याचा निरोप आहे. बेरेंटची ब्लेस गेली."

"कोण?... घोडी?" त्याच्या तोंडावर हसू यायला लागलं. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, अंडं खिशात टाकलं आणि डोक्यावरची टोपी काढली. "ऐकलं," तो म्हणाला. "येतो."

हे असंच म्हणायचं असतं. ऐकलं, येतो. दुसरं काही नाही.

गल्लीतल्या एकूण एक दारावर गेले. दोघी-तिघी हसल्या. एकीने विचारलं, रूलफिन, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? मी म्हटलं, माझं आहे, तुझ्या नवऱ्याला फावडं घेऊन पाठव. दुपारपर्यंत सगळे बेरेंटच्या फळबागेत होते. मेलेलं जनावर न्यायची गाडी मंगळवारशिवाय येणार नव्हती, म्हणून तिच्यावर ताडपत्री घातली, कडेने दगड रचले, आणि कावळे-लांडगे फिरकू नयेत म्हणून पाळीपाळीने बसायचं ठरलं. संध्याकाळी गावाची ईस्टरची होळी पेटली तेव्हाही दोघे जण होळी सोडून फळबागेत बसले होते.

बेरेंट माझ्यावर उखडला. "घोडीसाठी काळा कोट घालून गावभर फिरलीस? हसताहेत लोक मला!"

"हसू देत. हसायला तरी तुझ्या दारात आले."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. माझं दार तुझ्या दाराला जवळ आहे. मला काही हौस नाही आली."

माझी पाळी होती तेव्हा त्याने मला खुर्ची आणून दिली. मोडक्या पायाची. मुद्दाम.

मंगळवारी गाडी आली आणि ब्लेसला घेऊन गेली. बेरेंट बघायला बाहेर आला नाही, त्याच्या स्वयंपाकघराचा पडदा ओढलेला होता. मी दुकानात जाऊन नवी लाल बॅटरी आणली, पट्टी ओढली, कुंपणाला जोडली. त्याची शिशाची काढून रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एग्बर्टकडून मागून आणलेल्या चार्जरवर ठेवली. काठोकाठ.

बुधवारी दुपारी मी पुन्हा काळा कोट चढवला. बॅटरी ढकलगाडीत ठेवली आणि फळीवरून न जाता रस्त्याने वळसा घालून गेले. खड्ड्याखड्ड्यांतून, कंबर मोडून घेत. फळीवरून गेलं की मागचं दार येतं. मला पुढच्या दाराशी जायचं होतं.

दार वाजवलं. आतून कडीशी झटापट ऐकू आली. त्याची बायको गेल्यापासून ते दार उघडलंच नसावं. शेवटी एकदाचं उघडलं.

"काय गं? मागचं दार दिसत नाही का? डोळा माझा गेलाय."

मी हात सरळ सोडले. घरी चार वेळा म्हणून पाहिलं होतं.

"पहिल्या शेजाऱ्याला सांगायला आलेय," मी म्हटलं. "माझा खेर्ट गेला."

बेरेंटने मला सुनावलं नाही. इतक्या वर्षांनी कशी आठवण झाली, असलं काही तो बोलला नाही. तो चौकटीला धरून उभा राहिला. मग दुसऱ्या हाताने त्याने टोपी काढली. त्याचं डोकं पांढरंशुभ्र झालं होतं, आणि हे मला ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांत त्याने माझ्यासमोर टोपी काढलीच नव्हती.

"ऐकलं," तो म्हणाला. "येतो."

तो कोट घालायला आत गेला. जाता जाता वाकून बॅटरीला मीटर लावायला मात्र विसरला नाही.

"भरलीय," तो म्हणाला.

"म्हटलं होतं ना, भरून देईन?"

"आम्ल सांडलंयस इथे कोपऱ्यात."

"तुझ्या दारासमोरच्या खड्ड्याने सांडलंय! बुजव आधी तो!"

काळा कोट त्याला पोटावर बसत नव्हता. खालची दोन बटणं उघडीच राहिली. चर्चपर्यंत आम्ही चालत गेलो. खेर्टच्या थडग्याच्या दगडापाशी तो थांबला.

"माझी बाजू कुठली होती?"

"पुढची डावी. तुला ठाऊक नाही होय?"

तो तिथे जाऊन उभा राहिला, पाय जुळवून, एक हात अंगापासून जरा लांब धरून. मी त्याच्या गेलेल्या डोळ्याच्या बाजूला होते. मी काय करत होते ते त्याला दिसलं नाही. बरं झालं.

मग त्याने खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं आणि बुटाच्या टोकाने दगडाकडे दाखवलं.

"केवढं शेवाळ चढू दिलंस गं याच्यावर."

"तू तरी कधी घासायला आलास?" मी म्हटलं.

"सांगितलं नव्हतंस," तो म्हणाला.